घाटावरच्या गुरुजींना पगार कोण देतं?

१. प्रश्न साधा, उत्तर लांबचं

उज्जैनला महाकालाचं दर्शन आटोपून मराठी मंडळी शिप्रेच्या रामघाटावर उतरतात. तिथे लाकडी तखतावर, मोठ्या छत्रीखाली बसलेले गुरुजी पहिल्यांदा विचारतात ते नाव नव्हे. गाव कोणतं, आडनाव काय, गोत्र काय, हे विचारतात. संकल्प होतो, तर्पण होतं, दक्षिणा हातावर ठेवली जाते. पायऱ्या चढताना कोणीतरी हमखास म्हणतं, ‘पण यांना पगार कोण देतं? देवस्थान, की सरकार?’ उत्तर असं की कोणीच देत नाही. महाकालेश्वर मंदिराचा कारभार मध्य प्रदेशच्या १९८२ च्या कायद्यानुसार नेमलेल्या व्यवस्थापन समितीकडे आहे आणि त्या समितीचे कर्मचारी वेतनावर असतात. घाटावरचा तीर्थपुरोहित मात्र कोणाच्याही हजेरीपटावर नसतो. त्याला नेमणूकपत्र नाही, रजेचा अर्ज नाही आणि निवृत्तीची तारीखही नाही.

नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करावा का, हा प्रश्न आज वकिलापासून फोटोग्राफरपर्यंत अनेकांना पडतो. त्यावरचा सल्ला बहुतेक वेळा धाडस, चिकाटी, स्वप्न अशा मोठ्या शब्दांत दिला जातो. त्यापेक्षा घाटाकडे पाहिलं तर जास्त हाती लागतं, कारण इथे पिढ्यान्‌पिढ्या पगाराशिवाय चाललेला व्यवसाय उघड्यावर मांडलेला आहे. शिवाय हा विषय मूठभरांचा नाही. केंद्र सरकारच्या श्रमबळ पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात होते आणि नियमित पगारावर फक्त २१.७ टक्के. (या ५८ टक्क्यांत शेतकरी आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी माणसंही धरलेली आहेत, हे विसरून चालणार नाही.) म्हणजे आपल्याकडे पगार हा अपवाद आहे. तरीही बिनपगारी माणूस म्हणजे स्वतंत्र माणूस, असं समीकरण मांडता येत नाही. ते का, हे आधी पाहू.

२. साहेब नाही, म्हणजे स्वतंत्र?

धारंगध्राच्या मिठागरांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९५६ साली त्याचा निकाल लागला. कच्छच्या रणालगत मीठ पिकवणारे अगरिया कंपनीच्या जमिनीवर पाट्या (मिठाचे वाफे) पाडत. कामाचे तास ठरलेले नव्हते. घरची माणसं मदतीला घेत, लागलं तर स्वतःच्या खर्चानं मजूर लावत. मोबदला मणावर मिळे आणि नापास झालेल्या मिठाचा एक पैसाही मिळत नसे. वरून पाहिलं तर हे सगळे स्वतंत्र कंत्राटदार. न्यायालयानं मात्र त्यांना कामगार ठरवलं, कारण पाटी आखण्यापासून मीठ उचलण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती. काम कोणतं करायचं एवढंच नव्हे, तर कसं करायचं हेही दुसरा ठरवत असेल तर तो नोकर, अशी ही कसोटी.

पुढे १९७३ साली शिंप्यांच्या एका खटल्यात न्यायालयानं ही कसोटी आणखी रुंद केली. नगावर पैसे घेणारे, मर्जीनुसार येणारे-जाणारे शिंपी दुकानाचे नोकर की स्वतंत्र कारागीर? शिवणयंत्रं दुकानाची होती आणि शिवण पसंत पडली नाही तर उसवून पुन्हा घालायला लावायचा हक्क मालकाचा होता. शिंपी नोकर ठरले. यातून एक उपयोगी सवय लावून घेता येते. कोणी ‘मी स्वतंत्र काम करतो’ म्हणाला की त्याच्या वेळापत्रकाची चौकशी करण्याआधी विचारावं, यंत्र कोणाचं?

घाटावर यंत्र म्हणावं असं फार काही नाही. तांब्या, ताम्हण, दर्भ, तीळ आणि पाठांतर. नदी तर कोणाचीच नाही. शिप्रा उन्हाळ्यात जवळपास आटते, पावसाळ्यात घाटावरची लहान मंदिरं पाण्याखाली जातात. २०१४ साली नर्मदेचं पाणी पंपांनी उचलून शिप्रेत सोडण्याची योजना सुरू झाली, तेव्हापासून स्नानाचं पर्व सरकारी पंपांवरही अवलंबून आहे. जानेवारी २०१९ मध्ये शनिश्चरी अमावास्येला उज्जैनच्याच त्रिवेणी घाटावर पुरेसं पाणी पोचलं नाही, भाविकांनी चिखलात स्नान केलं आणि त्यापायी जिल्हाधिकारी व विभागीय आयुक्त दोघांनाही हलवण्यात आलं. अधिकाऱ्याची बदली होते, पगार चालू राहतो. पाण्याशिवाय पर्व गेलं तर घाटावर बसणाऱ्याची मात्र त्या दिवसाची कमाई जाते आणि त्याची भरपाई कोणाकडे मागायचीही सोय नसते. नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय यांतला खरा फरक इथे दिसतो. साहेब असणं-नसणं दुय्यम. वाईट दिवस कोणाच्या खात्यावर पडतो, ते महत्त्वाचं.

३. वही

मग असा वाईट दिवस अंगावर घेणारा माणूस टिकतो कशावर? रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १९३७ साली, एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रश्न लहान मुलानं विचारावा असा होता : बाजारात सगळं विकत मिळतं, तर मग कंपन्या कशाला लागतात? प्रत्येक कामासाठी रोज नवा माणूस का गाठत नाहीत? त्याचं उत्तर असं की माणूस शोधणं, त्याच्यावर विश्वास ठेवावा का हे ताडणं आणि भाव ठरवणं यालाही खर्च येतो. तो रोज करण्यापेक्षा माणूस पगारावर ठेवणं स्वस्त पडतं. हेच उलट बाजूनं वाचलं तर स्वतंत्र व्यावसायिकाची अडचण कळते. हा शोधाचा आणि विश्वासाचा खर्च एरवी कंपनी उचलते. त्याला तो स्वतः उचलावा लागतो.

तीर्थपुरोहितांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे वही. लांबट पानांची, कापडात गुंडाळलेली. एकेका गावाची, एकेका घराण्याची नोंद तीत असते : कोण आलं, कोणत्या साली, सोबत कोण होतं, कोणाचं श्राद्ध केलं, मुलांची नावं काय, आणि खाली आलेल्याची सही. नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरीही अशाच नामावळ्या आहेत, त्यांतल्या कित्येक जुन्या नोंदी मोडीत आहेत. घराण्यांनी ‘आमचे तीर्थोपाध्याय हेच’ असे लेख लिहून दिलेले असतात आणि अशा लेखांत राजेरजवाड्यांचेही आहेत. आता घाटावरचा तो पहिला प्रश्न समजतो. गाव विचारलं जातं कारण गावावरून वही ठरते आणि वहीवरून गुरुजी. अनोळखी शहरात, शोकात किंवा श्रद्धेत असलेल्या माणसापुढे पणजोबांची सही उघडून ठेवली की शोधण्याचं, पारखण्याचं काम एका मिनिटात संपतं. जाहिरातीवर कितीही पैसा ओतला तरी हे साधणार नाही.

वही जाड का असावी लागते, तेही हिशेबानं पाहू. समजा एका पुरोहिताच्या वहीत सहा हजार कुटुंबं आहेत आणि एक कुटुंब सरासरी वीस वर्षांतून एकदा उज्जैनला येतं. म्हणजे वर्षाला तीनशे कुटुंबं, दिवसाला एकही पुरतं नाही. केशकर्तनालयाचं गिऱ्हाईक महिन्याला परततं, दातांच्या डॉक्टरांचं वर्षा-दोन वर्षांनी, वकिलाचं (त्याच्या नशिबानं) क्वचित. गिऱ्हाईक जितकं उशिरा परतणारं, तितकी वही मोठी हवी आणि तितकी ती उभी करायला वर्षं लागतात. व्यवसाय सुरू करून दोन वर्षांत ‘चालत नाही’ म्हणून बंद करणारे बरेचदा कौशल्यात कमी नसतात. त्यांनी हा साधा भागाकार केलेला नसतो.

इथे कोणी म्हणेल, वही म्हणजे शेवटी माहितीच. मोबाइलच्या जमान्यात तिचं काय कौतुक? यावर एक प्रयोग आपोआपच होऊन गेला आहे. वंशावळी जमवणाऱ्या अमेरिकेतल्या युटा इथल्या संस्थेनं गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढून नेल्या. नोंदी पार समुद्रापलीकडे गेल्या. यजमान मात्र हरिद्वारलाच येत राहिले. कारण यजमानाला नुसती नोंद नको असते. ती नोंद राखणारा, पुढची ओळ लिहिणारा आणि विधी चुकला तर तोंड दाखवावं लागणारा माणूस हवा असतो.

४. एकच यजमान

वहीत एकच नाव असेल तर? कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण महाराष्ट्राला ठाऊक आहे ते सामाजिक इतिहास म्हणून, आणि ते योग्यच आहे. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचं लक्षात आलं, वाद पेटला. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करायला नकार दिला आणि १९०२ साली त्यांची वतनं जप्त झाली. न्यायाची बाजू महाराजांची होती, याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. आपल्या विषयापुरतं पाहायचं ते एवढंच की राजोपाध्ये पगारी नोकर नव्हते, मानानं तर ते गावातल्या कोणाही पुरोहिताच्या वर होते. पण त्यांची मिळकत एकाच घराण्याच्या वतनावर उभी होती. तो यजमान तुटला तेव्हा तिला दुसरा टेकू उरला नाही.

उज्जैनची गोष्ट याच्या उलट. हे शहर शिंद्यांची राजधानी होतं. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली. दरबारी नेमणूक दरबारामागे जाते. घाटावरची वही हजार घरांची असते, ती जागची हलत नाही. आज एकाच कंपनीचं काम करून महिन्याला एकच बिल पाठवणारा ‘स्वतंत्र सल्लागार’ स्वतःला घाटावरचा समजतो. खरं तर तो राजोपाध्यांच्या जागी बसलेला असतो, आणि त्याला वतनसुद्धा नसतं.

५. वही आणि वतन

आता मोठा आक्षेप. हा सगळा व्यवसाय जन्मावर चालतो. वही बापाकडून मुलाकडे जाते, भावाभावांत वाटली जाते, गहाणही पडते. ज्यात बाहेरच्याला शिरकावच नाही, त्याला स्वातंत्र्याचं उदाहरण कसं म्हणायचं? आक्षेप खरा आहे, आणि महाराष्ट्रानं तो कोर्टात आणि कायदेमंडळात लढवलेला आहे. गावजोशाची वृत्ती ही एकोणिसाव्या शतकात वारसाहक्काची मालमत्ता मानली जात होती. इतकी, की यजमानानं लग्नाला दुसरा भटजी बोलावला तरी गावजोशी आपल्या दक्षिणेसाठी दावा लावू शके आणि मुंबई हायकोर्टानं असे दावे मान्य केलेले आहेत. काम एकानं करायचं, पैसे दोघांना द्यायचे. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजानं ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली, तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या ओतूरसारख्या गावी प्रकरण कोर्टात गेलं ते याच हक्कापायी. अखेर १९२६ साली, रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांतून, मुंबई कायदेमंडळानं कायदा केला आणि न केलेल्या धर्मकृत्याची दक्षिणा वसूल करण्याचा हक्क संपवला.

या कायद्यानं पौरोहित्य बुडालं नाही, हे नीट लक्षात घ्यावं. बुडाला तो यजमानावरचा मालकी हक्क. वही आणि वतन दिसायला सारखीच, दोन्हींत गिऱ्हाइकांची यादी असते. पण वहीतला यजमान उठून शेजारच्या तखतावर जाऊ शकतो, वतनातला जाऊ शकत नाही. पहिली कमवावी आणि राखावी लागते, म्हणून तिला व्यवसाय म्हणायचं. दुसरीला करवसुली म्हणावं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेनं स्त्रियांना आणि कोणत्याही जातीच्या माणसाला पौरोहित्य शिकवायला घेतलं. त्या स्त्री-पुरोहितांकडे वडिलोपार्जित वही नव्हती. एकेका घरच्या वास्तुशांतीपासून, सांगोवांगी, त्यांनी ती स्वतःची तयार केली. जन्म हा या व्यवसायाचा अपरिहार्य भाग नाही, याला वेगळा पुरावा लागू नये.

दक्षिणेवरून होणाऱ्या ओढाताणीचं काय? संकल्प सोडून झाल्यावर आकडा सांगायचा, आणि तर्पणाला बसलेल्या माणसाला नाही म्हणता येऊ नये अशी वेळ साधायची, हा प्रकार तीर्थक्षेत्री होतो आणि त्याचं समर्थन करता येत नाही. धंद्याच्या हिशेबानंही तो मूर्खपणा आहे. वीस वर्षांनी येणारं कुटुंब आजचे पाचशे रुपये विसरत नाही. भाव आधी सांगणं हे वकिलाला, प्लंबरला आणि गुरुजींना सारखंच लागू.

६. तीन लाख साठ हजार

आता पैशांकडे येऊ. आकडे समजुतीपुरते घेऊ. एकाला महिन्याला तीस हजार पगार आहे, वर्षाचे तीन लाख साठ हजार. दुसरा घाटावर बसतो. पितृपक्षात त्याला एक लाख मिळतात, वैशाख, कार्तिक आणि अमावास्यांच्या पर्वांचे मिळून एक लाख चाळीस हजार, आणि उरलेल्या आठ रिकाम्या महिन्यांत महिन्याला पंधरा हजार, म्हणजे एक लाख वीस हजार. बेरीज तीच, तीन लाख साठ हजार. दोघांचाही घरखर्च महिन्याला पंचवीस हजार. पगारदार दर महिन्याला पाच हजार शिल्लक टाकतो. घाटावरच्याला आठ महिने दरमहा दहा हजारांची तूट येते. म्हणून पितृपक्षात हातात आलेल्या लाखातले आणि पर्वांच्या कमाईतले मिळून ऐंशी हजार त्याचे नसतातच, ते पुढच्या आषाढाचे असतात. हे ज्याला पेलत नाही तो भाद्रपदात श्रीमंत आणि आषाढात कर्जबाजारी असतो. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाचंही तेच. २०१६ साली झाला, पुढचा २०२८ मध्ये. त्या कमाईवर नेहमीचा खर्च वाढवून ठेवणारा माणूस उरलेली अकरा वर्षं तो फेडत बसतो.

शिवाय ही बेरीज सारखी दिसली तरी सारखी नाही. पगारदाराचं मूळ वेतन पंधरा हजार धरलं तर मालक भविष्य निर्वाह निधीत बारा टक्क्यांनी वर्षाला २१,६०० रुपये घालतो, ग्रॅच्युइटीचे वर्षाला साधारण साडेआठ हजार साठत जातात. म्हणजे तीस हजार वरचे. त्यात भरपगारी रजा आणि आजारपण आलं नाही. घाटावरच्याची एक खास अडचण आहे : घरात सुतक आलं की दहा दिवस त्याला दुसऱ्याचं कार्य करता येत नाही. ही शास्त्रानं दिलेली बिनपगारी रजा, आणि ती पितृपक्षात आली तर वर्षच हुकतं. तेव्हा नोकरी सोडताना पगाराएवढी कमाई झाली की निघायचं, हा हिशेब चुकीचा आहे. पगाराच्या निदान सव्वापट, आणि सहा महिन्यांचा खर्च गाठीशी, असं मी धरीन. अपवाद असतात, पण अपवादावर घर चालवू नये.

७. गुमास्ता

राहिला एक मुद्दा. तखतावर बसलेला प्रत्येक जण वहीचा मालक असतो असं नाही. मोठ्या तीर्थांवर गुमास्ते असतात. ते मालकाच्या वतीनं यजमान गाठतात, विधीची व्यवस्था करतात आणि वाटा घेतात. गुमास्त्यालाही पगार नाही, वेळेचं बंधन नाही, उन्हात तोही बसतो. वाईट दिवस त्याच्याही अंगावर पडतो. फक्त नोंद मालकाच्या वहीत होते. म्हणजे तोटा स्वतंत्र माणसाचा आणि पुढचं गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याचं.

ऍपवरून जेवण पोचवणारा, घरी येऊन एसी दुरुस्त करणारा किंवा टॅक्सी चालवणारा आज नेमका या जागी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं त्याची दखल घेतली. त्याचं काम रूढ मालक-नोकर संबंधाबाहेरचं आहे असं मानून, ऍपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यावी अशी तरतूद केली. विम्याची आणि म्हातारपणाची काही सोय त्यातून होईल. पण चार वर्षं राबून मिळवलेले पाच तारे त्याला दुसऱ्या ऍपवर नेता येत नाहीत आणि ज्याच्या घरी तो शंभरदा गेला त्या घराचा फोन नंबरही त्याच्यापासून झाकलेला असतो.

नोकरीतल्या माणसाची अवस्था यापेक्षा थोडी बरी आहे, हे अनेकांना माहीत नसतं. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं २७ वं कलम व्यवसायाला मज्जाव करणारे करार रद्दबातल ठरवतं. त्यामुळे ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात उतरणार नाही’ अशी अट सहीनिशी लिहून घेतली तरी आपल्याकडची न्यायालयं सहसा ती टिकू देत नाहीत. सनदी लेखापालाच्या फर्ममधून बाहेर पडलेला तरुण त्याच रस्त्यावर पाटी लावू शकतो. जुन्या फर्मची गिऱ्हाइकांची गोपनीय यादी तेवढी त्याला उचलून नेता येत नाही. ज्यांनी त्याच्या कामाची ओळख पटून आपण होऊन त्याचा पत्ता शोधला, ती नावं त्याची. पहिल्या वर्षी ती बहुधा एका पानातही मावतात.